सुट्टीतला गुलाब

मुलांनो, तुमच्या शाळेच्या बागेत गुलाब आहे का? असेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला पाणी कोण घालतं, ते जरा आठवून पाहा.

आमची साकोली भंडारा जिल्ह्यात, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखात. पण मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. म्हणून तर विदर्भातल्या शाळा जून संपत आला की उघडतात. तुमची मजा होते हो, पण झाडांचं काय?

काही वर्षांपूर्वी मी शाळेसाठी पाच कलमी गुलाब आणले. पावसाळ्यात मुलांनी खड्डे खणले, शेणखत घातलं. त्याच दिवशी चौथीतला एक मुलगा ओल्या फडक्यात गुंडाळून गावठी गुलाबाची काडी घेऊन आला. "बाई, माह्या आजीच्या अंगणातली हाये." मी म्हटलं, "लाव तिकडे, कुंपणाजवळ." खरं सांगू? मला ती बागेत नकोच होती.

हिवाळ्यात कलमांना तळहाताएवढी लालभडक फुलं आली. पालकसभेला आलेल्या सगळ्यांना मी मुद्दाम तिकडूनच नेलं!

मग सुट्टी लागली. "पाण्याचं मी बघते," असं मी मुलांना सांगितलं आणि माहेरी गेले. पाण्याचं राहूनच गेलं. कोणाला सांगितलंच नाही मी.

शाळा उघडली तेव्हा चार कलमं वाळून कोळ झाली होती. पाचव्याला मात्र बुंध्यातून लांबच लांब फांदी फुटलेली! मी हरखून गेले. तो मुलगा मात्र खाली वाकून बघत होता. म्हणाला, "बाई, हे तं दुसरंच झाड होय."

बरोबर होतं त्याचं. कलमी गुलाब म्हणजे दोन झाडं असतात. खाली जंगली गुलाबाचं खुंट, त्यावर बांधलेला चांगल्या जातीचा डोळा. आमचा डोळा मेला होता आणि खुंट फुटला होता. (तुमच्या गुलाबालाही जोडाच्या खालून फूट आली, तर लगेच काढून टाका. नाहीतर ती वरच्याला उपाशी मारते.)

आणि ती काडी? पान एक नव्हतं. नखानं साल खरवडली, तर आत हिरवी! कडुनिंबाची सावली होती, तिचाही उपकार म्हणायचा. पण काडीचं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एकच. वरचं जळलं, तरी खालून तोच गुलाब पुन्हा येतो.

जपान-कोरियाच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या वाळूत 'रुगोसा' नावाचा गुलाब वाढतो. पानं सुरकुतलेली, फांद्या काट्यांनी भरलेल्या, फळं छोट्या टोमॅटोसारखी. उणे तीस अंशांचा गारठाही तो सोसतो आणि उन्हाळाभर पुन्हा पुन्हा फुलतो. त्याच्यापासून थंड देशांत कितीतरी संकरित जाती केल्या. १९०५ सालच्या एका डच जातीचं नाव तर चक्क 'हंसा'! स्वतःच्या मुळांवर वाढवलेला रुगोसा बर्फानं वरून मेला, तरी खालून तोच उगवतो. साकोलीच्या उन्हात मात्र या पाहुण्याचे हालच होतील. तो थंडीतला काटक, आपला गावठी उन्हातला.

दिवाळीच्या आधी आमच्या काडीला गुलाबी, घमघमणारं पहिलं फूल आलं. ते त्यानं मला दिलं नाही, आजीला नेलं. मला थोडं लागलं, पण मी कोणत्या तोंडानं मागणार?

आता आमच्याकडे त्याची अकरा झाडं आहेत. पाऊस सुरू झाला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर काडी घ्यायची, दोन डोळे मातीत जातील अशी खोचायची. पाणी साचू द्यायचं नाही. ऑक्टोबरात छाटणी. आणि सुकलेलं फूल लगेच खुडायचं, म्हणजे झाड फळ धरण्यात न गुंतता नव्या कळ्या काढतं.

सुट्टीआधी आम्ही बुंध्याशी धानाची तणस पसरतो आणि पाण्याच्या पाळ्या फळ्यावर लिहितो. पहिल्या आठवड्यासमोर दरवर्षी माझं नाव असतं. ते मुलं लिहितात.