खिळा न ठोकता

आर्ट गॅलरीत मांडणी करणाऱ्याला रान मोकळं असतं. भिंत हवी तशी रंगवा, खिळे ठोका, दिवे फिरवा. जुन्या चॅपलमध्ये हे लाड चालत नाहीत. वास्तू वारसा म्हणून जपलेली, त्यामुळे भिंतीला हात लावायची चोरी. शिवाय ती जागा कितीही रिकामी केली तरी वेदीकडे तोंड करून बसायची तिची जुनी शिस्त जात नाही. या शिस्तीशी भांडायचं की तिलाच कामाला लावायचं, हे आधी ठरवावं लागतं.

इंग्लंडमध्ये वेकफिल्डजवळच्या यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कमध्ये १७४४ साली बांधलेलं चॅपल आहे. डागडुजीनंतर २०१४ मध्ये ते प्रदर्शनांसाठी उघडलं, ते आय वेवे या चिनी कलावंताच्या कामानं. गंमत म्हणजे कलावंत स्वतः तिथं फिरकलाच नाही. चिनी सरकारनं २०११ पासून त्याचा पासपोर्ट अडकवून ठेवला होता. न पाहिलेल्या वास्तूत मांडणी करायची, तीही हजारो मैलांवरून!

त्यानं आत ४५ खुर्च्या ठेवल्या. बस्स. चिंग राजवटीतल्या, लाकडी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरानं हातांवर गुळगुळीत झालेल्या. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनाला त्यानं १००१ चिनी नागरिक नेले होते आणि तितक्याच जुन्या खुर्च्या. या त्यांतल्याच. एरवी संग्रहालयात अशा खुर्चीभोवती दोरी असते. इथं बसायची मुभा होती. चर्चच्या बाकावर माणसं एकमेकांना चिकटून बसतात. इथं मात्र रांगा तशाच, पण प्रत्येक खुर्ची सुटी, दोन्ही बाजूंनी अंतर राखून. बसलं की शेजार नाही हे पाठीला आधी कळायचं, डोक्याला मागाहून. भिंतीला बोटही न लावता केलेली इतकी नेमकी मांडणी विरळाच.

२०१८ मध्ये त्याच चॅपलमध्ये चिहारू शिओता या जपानी कलावंतीणीनं पांढऱ्या दोऱ्याचं जाळं विणलं. खाली पोलादी सांगाड्याचा पियानो, त्यातून वर उसळणारे दोरे, त्यांत अडकलेले स्वरलिपीचे कागद. लहानपणी शेजारचं घर जळालं तेव्हा पाहिलेला जळका पियानो तिच्या कामांत पुन्हा पुन्हा येतो. फोटोत हे काम खुर्च्यांपेक्षा कितीतरी देखणं दिसतं. तरी कौल खुर्च्यांनाच द्यावासा वाटतो, कारण त्या प्रेक्षकाला नुसतं बघू देत नाहीत.

मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरनं २०११ मध्ये व्हेनिसच्या सान जॉर्जो माजोरे चर्चमध्ये घुमटाखाली धुराचा खांब उभा केला होता. भिंतीचा प्रश्नच मिटला, पण मग हवेची मर्जी सांभाळणं आलं.

यॉर्कशायरला आय वेवेचं आणखी एक काम चॅपलबाहेर, अंगणात होतं. सहा मीटर उंचीचं लोखंडी झाड, वेगवेगळ्या झाडांच्या तुकड्यांवरून ओतून जोडलेलं. त्याचे जोड जवळून बघण्यासारखे. ठसठशीत नट-बोल्ट, लपवायची धडपड कुठेच नाही. सांधा दिसू न देण्यात कसब मानणारा सुतार ते बघून नाक मुरडेल, आणि दुसऱ्याच मिनिटाला वाकून बोल्टचे आटे तपासू लागेल.