मालेगावचा सुपरमॅन

नाशिकहून धुळ्याच्या वाटेवर सुमारे शंभर किलोमीटरवर मालेगाव लागतं. मोसम नदीकाठच्या जुन्या गावात शिरलं, की गल्लोगल्ली यंत्रमागांची खडखड! शुक्रवारी माग बंद. मग कामगार सिनेमाला जातात. काहींनी तर स्वतःच सिनेमे काढले.

सुट्टीत मी अन् माझी धाकटी बहीण मावशीकडे तिथं गेलो होतो. दिवसभर गाव पाहिलं, रात्री 'सुपरमेन ऑफ मालेगाव' लावला. फैझा अहमद खान यांचा हा २००८ चा माहितीपट. शेख नासिर आणि त्यांच्या दोस्तांनी आपला सुपरमॅन कसा घडवला, ते त्यात दिसतं. पैसे जेमतेम. क्रेनच्या जागी बैलगाडी! हिरव्या कापडापुढे नायक 'उडतो'. मध्येच कॅमेराच पाण्यात पडतो.

आणि नायक? शफीक शेख, यंत्रमाग कामगार, अगदी काडीपैलवान.

"दादा, हा तर फुंकरीनंच उडेल!" धाकटी खो-खो हसली. प्रदूषणानं या सुपरमॅनला दमाही होतो. खलनायकाला साऱ्यांना तंबाखूचं व्यसन लावायचंय, त्याच्याशी याची लढाई. (आमच्या शाळेजवळच्या टपऱ्या आठवल्याच मला!)

सिनेमा संपल्यावर मी तिला सांगितलं, हा माहितीपट २०१२ मध्ये थिएटरात लागला, तेव्हा शफीक नव्हता. कर्करोगानं गेला. तोही तोंडाच्या.

ती गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "तो उडतो ना, तेवढं परत लाव."

लावलं. या वेळी ती हसली नाही.