श्श... घरात थर्ड शिफ्ट झोपलीय!

पिंपरी-चिंचवडमध्ये रात्र किती वाजता सुरू होते? हा प्रश्न पुण्याच्या माणसाला विचारलात तर तो घड्याळाकडे बघेल. आमच्याकडे आधी विचारावं लागतं, ‘कुठली शिफ्ट?’ १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आणि टेल्को आल्या, २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. कंपन्या बदलल्या, गाड्यांची मॉडेल्स बदलली, पण एक गोष्ट तशीच राहिली. दिवसाच्या कुठल्याही वेळी आमच्या प्रत्येक बिल्डिंगमध्ये कुणीतरी गाढ झोपलेलं असतं. निदान तसा प्रयत्न तरी करत असतं.

सरकारची रात्र मात्र ठरलेली आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, की रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. या वेळात निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा, एरवी ५५. आता ज्याची रात्र सकाळी साडेआठला सुरू होते आणि दुपारी तीनला संपते, त्याने कुठे जायचं? कायदा त्याच्यासाठी काही करत नाही. ते घरातल्यांनाच करावं लागतं. कुकरच्या शिट्ट्या साडेआठच्या आत, बेल काढून ठेवायची, केबलवाल्याला फोन करूनच यायला सांगायचं.

माझा नवरा चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे. दर तिसऱ्या आठवड्याला थर्ड शिफ्ट. मी घरून थ्रीडी मॉडेलिंग आणि रेंडरिंगची कामं करते. मोशीला आमचा वन बीएचके. हॉलमध्ये सासरे, म्हणजे नाना आणि त्यांचा टीव्ही. त्यामुळे माझा डेस्कटॉप बेडरूममध्ये. म्हणजे ज्या खोलीत तो झोपतो, त्याच खोलीत, त्याच्या उशीपासून सहा फुटांवर मी काम करते. लॅपटॉप का नाही, असं बऱ्याच जणी विचारतात. कारण तासन् तास रेंडर लावला की लॅपटॉपचा एवढासा पंखा त्याहून जोरात किंचाळतो आणि त्याच पैशात ताकदही कमी मिळते.

मार्चपर्यंत सगळं ठीक होतं. एप्रिलमध्ये नवीन क्लायंटची मोठी रेंडर्स सुरू झाली, बाहेर पारा ३९ वर गेला आणि आमच्या कॅबिनेटचं पिठाच्या गिरणीत रूपांतर झालं. नवरा काही बोलायचा नाही. पण तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्याचे डोळे लाल होते. नानांनी ते पाहिलं. नाना तीस वर्षं टूल रूममध्ये होते. प्रेससमोर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा लागणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको. ते एवढंच म्हणाले, “सूनबाई, गुरुवारी हे डबडं उघडूया.” (आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. आमचा रविवार गुरुवारी येतो!)

नानांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण हवा आणि आवाज कळतात. पहिलं काम त्यांनी काय केलं, तर वर्तमानपत्राची सुरनळी केली, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं कॅबिनेटभोवती फिरवलं. रेंडर चालू होता. दोन मिनिटांत निदान तयार! “मोठा आवाज ह्या मधल्या बारक्या पंख्याचा. आणि हा खालचा घूं घूं, तो पंख्याचा नाही, पत्रा थरथरतोय.” बारका पंखा म्हणजे प्रोसेसरबरोबर फुकट आलेला कूलर. थरथर जुन्या हार्ड डिस्कची.

मग नानांनी देवघरातली उदबत्ती आणली. कॅबिनेटच्या बाहेरून, प्रत्येक जाळीसमोर थोडं अंतर ठेवून धूर कुठे जातो ते पाहायचं. हा प्रयोग तुम्हीही जरूर करा, फार मजा येते. मागच्या पंख्यातून बाहेर पडलेला धूर भिंतीला आपटला, टेबलाखालून वळला आणि पुढच्या जाळीतून पुन्हा आत शिरला! आपल्याकडच्या त्या टिपिकल कॉम्प्युटर टेबलात कॅबिनेटसाठी तीन बाजूंनी बंद असा एक कप्पा असतो ना, तिथेच ते ठेवलेलं. मशीन स्वतःचाच गरम श्वास परत घेत होतं. “हवा आळशी असते,” नाना म्हणाले, “सोपी वाट मिळाली की तिकडनंच जाते.”

इथे थोडं गणित सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, जवळजवळ तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. २५० वॅट म्हणजे जुने शंभर वॅटचे अडीच बल्ब. आणि साधा पंखा लावून कुठलीही वस्तू खोलीपेक्षा थंड होत नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ६५ दाखवत असेल, तर तेच काम ३८ अंशांच्या खोलीत केल्यावर तो साधारण ७८ दाखवणार. म्हणून कूलिंगची परीक्षा डिसेंबरच्या रात्री घ्यायची नाही, एप्रिलच्या दुपारी घ्यायची. डिसेंबरमध्ये सगळेच पास होतात.

दुसरं गणित आवाजाचं. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. कानाला दर १० डेसिबलला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट, एकसारखे दोन पंखे शेजारी शेजारी लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एका पंख्याला पळवण्यापेक्षा दोन पंख्यांना चालवणं केव्हाही शहाणपणाचं. आणि पंखा मोठा हवा. ८० मिलिमीटरच्या तुलनेत १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, त्यामुळे तो निवांत फिरूनही तेवढंच काम करतो.

तर आम्ही काय केलं? पहिल्यांदा कॅबिनेट कप्प्यातून बाहेर काढून टेबलाच्या शेजारी ठेवलं, भिंतीपासून वीतभर लांब. खर्च शून्य, आणि त्याच रेंडरला तापमान सात अंशांनी खाली! पुढचं पॅनल जवळजवळ बंद प्लॅस्टिकचं होतं. नानांनी त्यात खिडकी कापली, कानशीने कडा साफ केल्या आणि आतून बारीक नायलॉनची जाळी बसवली. पुणे-नाशिक हायवेची धूळ आणि आजूबाजूची बांधकामं म्हटल्यावर जाळी हवीच. पुढून आत हवा ओढणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे, मागून बाहेर फेकणारा एक. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त असली, की ती फटींतून बाहेर पडते आणि धूळ फटींतून आत येत नाही. पंख्याची दिशा कशी ओळखायची? ज्या बाजूला मधली मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, सहसा त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका आली तर उदबत्ती आहेच.

प्रोसेसरवर टॉवर कूलर बसवला. त्यातल्या तांब्याच्या नळ्या पोकळ असतात, आत थोडासा द्रव असतो. खाली तापून त्याची वाफ होते, वर पात्यांपाशी थंड होऊन ती पुन्हा खाली येते. विकत घेण्याआधी कॅबिनेटची रुंदी मोजा, नाहीतर झाकण बसणार नाही. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, श्रीखंडासारखी थापायची नाही. हार्ड डिस्कच्या स्क्रूखाली रबराचे वॉशर घातले, पत्रा गप्प झाला.

“लिक्विड कूलिंग का नाही केलंस?” असं मैत्रिणीने विचारलंच. पाषाणच्या आयसरमधला ‘परम ब्रह्म’ हा सुपरकॉम्प्युटर द्रवाने थंड होतो, हे खरं. पण घरच्या डेस्कटॉपमध्ये पाणी उष्णता फक्त एका जागेवरून दुसरीकडे नेतं. शेवटी रेडिएटरवर पंखे लागतातच, वर पंपाचा आवाज वेगळा.

सगळ्यात मोठा फरक मात्र स्क्रूड्रायव्हरने पडला नाही, सेटिंग्जने पडला. झोपमोड आवाजाने होते त्यापेक्षा जास्त आवाज बदलल्याने होते. छताचा पंखा रात्रभर घरघरतो, त्याचं काही वाटत नाही. तो बंद पडला की जाग येते. आमचा जुना कूलर दर दहा सेकंदांनी वर-खाली होत होता. बायोसमध्ये जाऊन मी पंख्याची रेषा सपाट केली. ६० अंशांपर्यंत एकच संथ वेग, मग हळूहळू चढ, आणि ८५ नंतरच पूर्ण जोर. शिवाय तापमान वाढलं तरी काही सेकंद थांबायचं आणि मगच वेग वाढवायचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांची वीज थोडी आवळली. शेवटच्या थोड्याशा वेगासाठी चिप भरमसाट वीज खाते, तो हव्यास सोडला. ४० मिनिटांचा रेंडर आता ४३ मिनिटांत होतो. ती तीन मिनिटं मला परवडतात.

एकूण खर्च चार हजारांच्या आत. एप्रिलच्या ऐन दुपारी, पूर्ण लोडवर प्रोसेसर ८० च्या खाली राहतो. उशीजवळ मोबाइल ठेवून ॲपवर मोजलं तर ४७ चा आकडा ३४ वर आला. ते ॲप काही कोर्टात चालणारं नाही, पण खरं मोजमाप वेगळंच होतं. पुढच्या थर्ड शिफ्टला सकाळी अकराला मी रेंडर लावला आणि मागे वळून पाहिलं. नवरा घोरत होता. आता खोलीतला सगळ्यात मोठा आवाज त्याचा! नानांना सांगितलं, तर म्हणाले, “त्याला कानस चालायची नाही.”

मेन्टेनन्स सोपा आहे. महिन्यातून एका गुरुवारी जाळी काढून धुवायची आणि पूर्ण वाळवून लावायची. सहा महिन्यांनी ब्लोअर मारायचा, मशीन बंद करून, प्लग काढून आणि पंख्याची पाती बोटाने धरून, नाहीतर ती गरगर फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा करंट राहू शकतो.

आणि हो, तुमच्या घरी कुणी दिवसा झोपत नसेल, तरी भिंतीपलीकडचा विचार करा. आमच्याखाली तिसऱ्या मजल्यावर एक नर्स ताई राहतात, महिन्यातले दहा दिवस नाइट ड्यूटी. त्यांच्या मुलाने सुट्टीत गेमिंगसाठी डेस्कटॉप घेतलाय. परवा लिफ्टमध्ये भेटल्या, चेहरा उतरलेला. म्हणाल्या, “तुमच्याकडचा आवाज कसा काय बंद झाला हो?”

येत्या गुरुवारी नाना आणि मी उदबत्ती घेऊन खाली जाणार आहोत.