मामांचा अर्धा तास

नर्सरीवाल्या मामांचं माझ्यावर एक देणं आहे. ते पैशांनी फिटणारं नाही, कारण पैसे त्यांनी तेव्हाच नाकारले.

आईनं दिलेल्या फांदीपासून वाढलेला माझा जेड. पुण्यात जुलैची झड लागली आणि त्याची पानं सुरकुतून मऊ पडली. घरात जो तो म्हणे, पाणी घाल. माती तर ओलीच होती! हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याकडेला मामांची नर्सरी. तिथं जेडची टवटवीत रोपं ओळीनं मांडलेली. त्यातलं एक मामांनी हातात ठेवलं असतं, तर मी मुकाट्यानं पैसे मोजले असते.

त्यांनी माझी कुंडी उपडी केली. आंबूस वास आला. तपकिरी मुळं चिमटीत ओढली की साल निघून यायची आणि आतली दोऱ्याएवढी शीर तेवढी उरायची.

"ताई, मुळंच कुजल्यात. पानी प्यायचं कशानं?"

कुंडीचं भोक चिकणमातीनं बुजलं होतं. पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि गुदमरलेल्या मुळांवर बुरशी चढते. मामांनी चाकू स्पिरिटनं पुसला आणि खोडाचे काप काढायला घेतले. दर कापानंतर पातं पुन्हा पुसायचं. कापात तपकिरी ठिपका दिसतोय तोवर हात थांबला नाही. इकडे माझा जीव खालीवर! झाड वीतभर उरलं, तेव्हा कुठे काप स्वच्छ हिरवट निघाला. त्यावर हळद चोळली. (हळदीनं किती साधलं, देव जाणे. माझं मत कोरडेपणाच्या बाजूनं.) मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यांना हातानंच 'थांबा' म्हणाले.

"आठवडाभर सावलीत उघडंच ठिवा. जखम सुकू द्या. मग जाड वाळू, विटांचा चुरा, जरासं शेणखत. आन् कुंडी मातीची."

मुळांवाचून आठवडा? पण हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या रुक्ष टेकड्यांवरचं. पाण्याची शिदोरी पानांतच बांधलेली. जगलं ते.

पैसे विचारले, तर म्हणाले, "जगलं तर कुंडी न्यायला या."

कुंडी त्यांच्याकडूनच आणली, एवढंच काय ते माझ्या हातून झालं. तुमच्या जेडची पानं ओल्या मातीत सुरकुतली, तर पाणी घालू नका. आधी कुंडी उपडी करा.