मुंब्रा सोडावा का? औरंगाबादेतील पाच दिवस

गेल्या वर्षी बकरीदेचा तिसरा दिवस होता, ९ जून २०२५. त्या सकाळी मुंब्रा स्टेशनजवळच्या वळणावर गर्दीने भरलेल्या लोकलमधून माणसे रुळांवर पडली. त्यातली काही घरी परत आलीच नाहीत. आमचे हे त्याच मार्गाने साकीनाक्याला कामावर जातात. त्या दिवशी ते आधीच्या गाडीने गेले होते. पण त्यांचा फोन लागेपर्यंत मी आणि सासूबाई दाराकडे बघत बसलो होतो. तेव्हापासून घरात एक वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागले: ‘हे शहर सोडू या.’

ऑगस्टमध्ये त्याला आणखी एक कारण मिळाले. हे ज्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात, त्याच्या मालकांनी सांगितले की जागा विकायची आहे. कामगारांना मार्चपर्यंत मुदत. त्याच महिन्यात घरमालकांचाही निरोप आला. अकरा महिन्यांचा करार संपतो आहे, पुढच्या करारात भाडे १४ हजार.

आम्ही कौसा भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. घरात आम्ही दोघे, नववीतली थोरली, सहावीतला धाकटा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. मी कुर्ल्याच्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात उर्दू आणि मराठी शिकवते. पहाटे पावणेसहाला घर सोडते. हे साताला निघतात आणि रात्री नऊला परततात. मुलांशी त्यांचे बोलणे जेवणाच्या ताटावर होते तेवढेच.

यांच्या थोरल्या बहिणीचे, आपांचे, सासर औरंगाबादला आहे. कागदोपत्री आता छत्रपती संभाजीनगर, पण त्यांच्या गल्लीत अजून औरंगाबादच म्हणतात. दुल्हाभाईंनी फोनवर सांगितले, ‘वाळूजला माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात लेथवाला पाहिजे. भाडी निम्मी आहेत. या तर खरे, बघून जा.’ घरात मशवरा झाला आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी जायचे ठरले. माझी एकच अट होती: पाहुणे म्हणून राहायचे नाही, राहणारे म्हणून राहायचे.

सोमवारी सकाळी ठाण्याहून तपोवन एक्स्प्रेस धरली. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी आली तशी हवा बदलली. मनमाड, नगरसूल मागे पडले आणि खिडकीबाहेर कापसाची शेते दिसू लागली. दौलताबादचा किल्ला दिसताच अम्मी सरळ होऊन बसल्या. ‘आ गया मा,’ म्हणाल्या. त्यांचा जन्म पैठणचा. लग्नानंतर मुंबईला आल्याला पन्नास वर्षे झाली, तरी बोली तीच दक्खनी. मी कोकणातली, माझी घरची बोली वेगळी. मुंब्र्यात अम्मींची ‘हौ’ आणि ‘नक्को’ ऐकून शेजारणी हसतात. इथे स्टेशनबाहेरचा रिक्षावालाच म्हणाला, ‘काइकु उभे हैं अम्मा, बैठो.’ अम्मींच्या चेहऱ्यावरचे हसू मी कितीतरी महिन्यांनी पाहिले.

आपांचे घर रोशन गेटजवळ. जुने, तळमजल्याचे, मधोमध छोटे अंगण. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या चार बायका अम्मींना भेटायला आल्या. दुसऱ्या दिवशी अम्मी स्वतः उठून समोरच्या घरी गेल्या. मुंब्र्यात गेल्या वर्षभरात त्या फक्त दवाखान्यासाठी तीनदा जिना उतरल्या होत्या. आमच्या हिशेबाच्या वहीत भाडे, फी, रेशन सगळे होते. अम्मींचा जिना कुठेच नव्हता.

मंगळवारी हे दुल्हाभाईंबरोबर वाळूजला गेले. बजाजचा कारखाना तिथे १९८५ च्या सुमाराला आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारी शेकडो छोटी युनिटे उभी राहिली. काम यांच्या हातचेच होते. पगार मात्र आताच्यापेक्षा चार हजारांनी कमी. पण शिफ्ट सुटल्यावर पाऊण तासात घर! हे परत आले तेव्हा साडेसहाच वाजले होते. धाकट्याला घेऊन गल्लीत क्रिकेट खेळले. मुलगा मला येऊन विचारतो, ‘अम्मी, अब्बूंना बॉलिंग येते?’ मी काय उत्तर देणार!

बुधवारी थोरलीला घेऊन शहर बघायला निघाले. रोजाबागेत मौलाना आझाद कॉलेज आहे. डॉ. रफिक झकेरिया यांनी ते १९६३ साली सुरू केले. आवारात बुरख्यातल्या, ओढणीतल्या, मोकळ्या केसांच्या मुली वह्या छातीशी धरून चालल्या होत्या. शहराच्या दुसऱ्या बाजूला नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेले मिलिंद महाविद्यालय. शिक्षणासाठी हे शहर गरिबाला पाठ दाखवत नाही, असे मला वाटले. थोरलीला अकरावीला सायन्स घ्यायचे आहे. ती म्हणाली, ‘इथे कॉलेजला सायकलने जाता येईल.’ लोकलच्या डब्यात लटकणाऱ्या शहरातल्या मुलीला ते केवढे वाटत असेल.

तिथून पाणचक्कीला गेलो. बाबा शाह मुसाफिर यांची दर्गाह, मोठा वड, उंचावरून हौदात पडणारे पाणी. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि तिथे राहणाऱ्यांसाठी दळण व्हायचे. शाह मुसाफिर बुखाऱ्याकडून आलेले. आणि हे शहर ज्याने १६१० साली खडकी नावाने वसवले तो मलिक अंबर तर हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला. त्यानेच डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच. मी हे सगळे मुलीला उत्साहाने सांगत होते. तिने शांतपणे विचारले, ‘मग फूफीच्या घरी नळाला पाणी का नाही?’

खरेच, सोमवारपासून नळ कोरडा होता. आम्ही पोहोचलो त्याच्या आदल्या दिवशी पाणी येऊन गेले होते. अंगणात निळे ड्रम, मोरीत टाकी, स्वयंपाकघरात हंडे, आणि प्रत्येकाचा वापर ठरलेला. जायकवाडीसारखे मोठे धरण पन्नासेक किलोमीटरवर आहे. पण जुन्या जलवाहिन्या वाढलेल्या शहराला पुरत नाहीत. नव्या योजनेचे भूमिपूजन २०२० साली झाले. तिचे पाणी आपांच्या नळाला अजून आलेले नव्हते. शनिवारी आम्ही निघणार होतो, त्या पहाटे तीन वाजता गल्लीत एकदम गलबला झाला. ‘पाणी आया!’ मोटारी सुरू झाल्या, पाइप ओढले गेले. आपांची अकरावीतली मुलगी दोन तास पाणी भरत होती. सकाळी तिची टेस्ट होती. ‘पाण्याच्या दिवशी असेच असते मामी,’ ती म्हणाली. मुंब्र्यातही पाण्याची ओरड असते, पण आठवड्याचे वेळापत्रक नळ ठरवत नाही.

मधल्या गुरुवार-शुक्रवारी घरे पाहिली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, तळमजला: भाडे साडेसात हजार. मन हरखले. मग एका दलालाने पडेगावच्या बाजूला प्लॉट दाखवला. ‘बाई, भाड्यात किती दिवस काढणार? हप्त्याने घ्या.’ आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघे जमिनीच्या एका तुकड्यावर उभे राहून हे आपले होऊ शकते, असा विचार करत होतो. यांनी तर पावलांनी लांबी मोजली.

मी कागद मागितले. त्याने शंभर रुपयांच्या बाँडवर नोटरी केलेली खरेदी आणि घरपट्टीची पावती दाखवली. सातबारा कुणाचा? दुसऱ्याचाच. बिगरशेती परवाना? ‘होऊन जाईल.’ ही गुंठेवारी. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकायचे, आणि घेणाऱ्याने नियमित होण्याची वाट पाहायची. त्यासाठी २००१ चा कायदा आहे; २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आली. पण आज तोडलेल्या तुकड्याला त्याचा काय उपयोग? घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे आणि नोटरी म्हणजे नोंदणीकृत खरेदीखत नव्हे. आपल्या कित्येक कुटुंबांची जन्माची पुंजी अशा कागदांवर अडकली आहे. हे परतताना गप्प होते. मीही काही बोलले नाही.

शुक्रवारी रात्री मुले झोपल्यावर वही उघडली. भाड्यात बचत साडेसहा हजार. त्यातून दोन गाड्यांचे पेट्रोल तीन हजार, कारण तिथे लोकलचा पास नाही. टँकर आणि पिण्याचे पाणी बाराशे. माझे अब्बा महाडकडे एकटे असतात. दोन महिन्यांतून एकदा जायचे तर महिन्याला हजार. उरले तेराशे. यांच्या पगारातले चार हजार गेले, म्हणजे उलट सत्तावीसशेचा खड्डा.

आणि माझी नोकरी? तो आकडा मी शेवटी लिहिला. खासगी संस्थेची अनुदानित शाळा आहे, त्यामुळे बदली मागून दुसऱ्या जिल्ह्यात जाता येत नाही. दुसऱ्या संस्थेने रिकाम्या जागेवर घेतले आणि शिक्षण खात्याने मान्यता दिली, तरच सेवा सलग राहते. तशी जागा मिळाली तरी औरंगाबाद वाय वर्गातले शहर, घरभाडे भत्ता मुंबईपेक्षा कमी. नाही मिळाली आणि राजीनामा दिला तर मागची सगळी सेवा गेली. मी २००४ ची, म्हणून जुन्या पेन्शनमध्ये आहे, तीही गेली. नव्याने लागायचे तर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक, माध्यमिकला १८ हजार मानधन. तेही चाळिशी ओलांडलेल्या बाईला कोण घेणार? दुल्हाभाई म्हणाले, ‘खासगी शाळा पुष्कळ आहेत.’ आहेत, पण त्यांचा पगार ऐकून मी पुढे विचारले नाही.

हे वही बघून म्हणाले, ‘म्हणजे नाहीच ना?’ त्यांचा आवाज ऐकून मला वाईट वाटले. त्यांच्या वडिलांची कबर इथे आहे. बहीण इथे आहे. पाच संध्याकाळी ते माणसासारखे जगले होते. आकड्यांनी मी जिंकले होते; पण तो विजय मला नको होता. मी म्हणाले, ‘आज “नाही” म्हणू नका. आपण इथे काय काय आवडले ते लिहू या.’

यादी अशी झाली: अम्मींना उंबरठ्याबाहेर जाता येते. तुम्ही साडेसहाला घरी येता. मुलीला जवळ कॉलेज आहे. घर आपले होण्याची आशा आहे. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला: यासाठी शहरच बदलायला हवे का?

परत आल्यावर इस्तिखारा केला, आणि हात-पायही हलवले. माणसाने उंटाचा पाय बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण मुलांना देतोच. तळोजा एमआयडीसी मुंब्र्याहून शीळफाट्यामार्गे जवळ. लोकल लागतच नाही. यांनी तिथे पाच ठिकाणी अर्ज दिले. जानेवारीत एका ठिकाणी काम मिळाले. पगार साकीनाक्यापेक्षा दीड हजाराने कमी, पण सातच्या आत घरी. कौशातच तळमजल्यावर घर शोधले. भाडे साडेपंधरा हजार, खोल्या जरा अंधाऱ्या. आम्ही शहराऐवजी मजला बदलला आणि त्यासाठी महिना दीड हजार जास्त मोजतो आहोत. दोन्ही मिळून तीन हजारांचा फटका आहे. माझी एक भिशी बंद झाली. अम्मी थंडीचे दोन महिने आपांकडे राहतील असेही ठरले आहे.

एक ओळ मात्र तशीच राहिली आहे: आपले घर. तिचे उत्तर मुंब्र्यात आमच्याजवळ नाही. थोरलीची दहावी झाल्यावर वही पुन्हा उघडायची, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. दरम्यान औरंगाबादच्या दोन उर्दू संस्थांकडे मी माझी माहिती देऊन ठेवली आहे. कुणी निवृत्त झाले आणि जागा निघाली तर कळवतील. तेव्हा नळाला पाणी रोज येत असेल, तर माझा विरोध आणखी कमी होईल.

वाचक बहिणींनो, आज आपल्यातली कितीतरी कुटुंबे याच विचारात आहेत: मुंबईहून मालेगाव, भिवंडीहून औरंगाबाद, पुण्याहून सोलापूर. स्वस्त भाडे ऐकून सामान बांधू नका आणि लांबचे शहर म्हणून भिऊही नका. आठवडाभर तिथे राहा, पाण्याचा दिवस बघा. सातबारा आणि मंजूर लेआउट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. घरातल्या बाईची नोकरी हिशेबात शेवटी नाही, सुरुवातीला लिहा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्हाला कुठे बरे वाटते?

काल शाळेतून आले तेव्हा अम्मी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. समोरची नवी शेजारीण मेथी निवडत होती. अम्मी तिला दक्खनीत काहीतरी सांगत होत्या आणि ती समजल्यासारखी ‘हौ’ म्हणत होती.