नगद नारायण आणि वीस वर्षांची ऑक्टाव्हिया

जुनी युरोपियन स्पोर्टी गाडी म्हणजे पांढरा हत्ती, असं सगळेच सांगतात. तो हत्ती बीडच्या डोंगरात, आईबाबांना मागे बसवून, नारायणगडापर्यंत नेला तर?

ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक नजर टाका. पांढऱ्या, करड्या, पुन्हा पांढऱ्या एसयूव्ही. सगळ्यांना सनरूफ, सगळ्यांना टीव्हीएवढा स्क्रीन आणि सगळ्यांना सात वर्षांचा हप्ता. त्यात एखादी बुटकी, रुंद टायरची जुनी सेदान उभी असली की दोन प्रकारची माणसं थांबतात. एक म्हणतात, ‘अजून चालते?’ दुसरी काही न बोलता बॉनेटवर हात फिरवतात. माझ्याकडे अशी एक गाडी आहे. २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस.

आता जाणकार नाक मुरडतील. चार दारांची, मोठ्या डिकीची गाडी स्पोर्ट्स कार कशी? पण दोन सीटांची खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे पोस्टरवरच जास्त दिसली. २००४ साली आरएस आली तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर तिचंच नाव होतं. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, एका सिलिंडरला पाच असे वीस व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर आणि पाच गिअर. आरएस म्हणजे रॅली स्पोर्ट. शनिवारी घाटात पळवा आणि रविवारी आजीला दवाखान्यात न्या, असा दुहेरी संसार करणारी.

आणि ही परदेशी पाहुणी तशी मराठवाड्याचीच. स्कोडानं २००१ मध्ये भारतात ऑक्टाव्हिया आणली ती औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीतून. झेक देशातून सुटे भाग यायचे आणि इथे जुळायचे. म्हणून ठरवलं, टेस्ट घ्यायची तर माहेरच्या रस्त्यावरच. पुण्याहून संभाजीनगर, तिथून बीड आणि शेवटी नारायणगड. बाबांना बरेच दिवस गडावर जायचं होतंच. आईची एकच अट होती, ‘रस्त्यात बंद पडली तर मी एसटीनं परत येणार.’

ठेवायची की काढायची?

खरं कारण वेगळं होतं. गाडीला वीस वर्षं झाली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं आणि वर पर्यावरण कर भरायचा. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये थेट १० हजारांवर गेली. त्यात विमा, टायर आणि मधूनच उपटणारा एखादा सेन्सर. फ्रीलान्स पत्रकाराचं उत्पन्न तुम्हाला ठाऊक आहेच. चेक येईपर्यंत सर्व्हिसिंगची तारीख निघून जाते. बाबा म्हणाले, ‘गडावरून आलो की निकाल लाव. ठेवायची तर नीट ठेव, नाहीतर काढून टाक.’

निघण्याआधी संभाजीनगरच्या एका छोट्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली. तिथल्या काकांनी या गाड्या नव्या असल्यापासून उघडल्यात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी विचारलं, ‘टायमिंग बेल्ट कधी बदलला?’ या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि बिल गाडीच्या किमतीच्या जवळ जातं. दुसरा प्रश्न ऑइलचा. टर्बो इंजिन ऑइल भाजून काढतं. स्वस्त ऑइल जास्त दिवस ठेवलं की आत डांबरासारखा गाळ साचतो आणि टर्बोला वंगण मिळत नाही. म्हणून फुल सिंथेटिकच, आणि तेही वेळेआधी. तिसरा वॉटर पंप. जुन्या पंपांची आतली पाती प्लॅस्टिकची, ती झिजली की गाडी तापते. बेल्ट बदलताना पंपही बदलायचा, मजुरी एकदाच लागते.

‘ताई, ही गाडी फसवत नाही,’ काका म्हणाले. ‘हिला फसवलं की ती हिशोब चुकता करते.’

हमरस्ता, गोदावरी आणि टाकीतला ऊस

संभाजीनगर ते बीड साधारण १३० किलोमीटर. धुळे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आता चौपदरी झालाय. आडूळ, पाचोड मागे पडतं, शहागडला गोदावरीचा पूल लागतो आणि मग गेवराई. इथे आरएस खरी बोलायला लागते. चौथ्या गिअरमध्ये अडीच हजार आरपीएमच्या आसपास टर्बो जागा होतो आणि पुढचा ट्रक मागे जातो. आवाज नाही, आरडाओरडा नाही. स्टिअरिंग जड, पण त्यातून रस्ता हातात येतो. नव्या गाड्यांमध्ये हेच हरवलंय. स्क्रीन सगळं सांगतो, हाताला काही कळत नाही. मागे आई झोपली होती. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं?

डिसेंबरचे दिवस होते. समोरून-मागून ऊसतोड कामगारांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, वर संसार बांधलेला, त्यावर पोरं बसलेली. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कोयता घेऊन जातात. घरी राहतात म्हातारी माणसं.

पेट्रोल पंपावर हे चित्र वेगळ्या रीतीनं आठवलं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. २०३० साठी ठरलेलं हे लक्ष्य सरकारनं २०२५ वर आणलं. इथेनॉल मका-तांदळापासूनही होतं, पण महाराष्ट्रात त्याचा चेहरा उसाचाच. ई-२० चालेल अशा सामग्रीच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आल्या. माझी त्याच्या अठरा वर्षं आधीची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि सील कडक करतं आणि मायलेजही थोडं खातं. म्हणून मी इंधनाच्या नळ्या बदलून घेतल्या आणि टाकी भरून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणं बंद केलं. माझी तक्रार एवढीच, नळ्यांच्या बिलाची. पण टाकीत जे ओतलं जातंय, ते कुणीतरी पहाटे थंडीत तोडलेलं असू शकतं. ट्रॉलीला ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवायला हात धजला नाही.

गडाची वाट

बीड सोडून आत वळलं की बालाघाटाच्या टेकड्या सुरू होतात. उघडेबोडके माळ, बाभळी, मधूनच हिरवे पट्टे आणि सीताफळाची झाडं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, पण हंगाम दिवाळीच्या आगेमागे संपतो, त्यामुळे आमची पाटी कोरीच. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनं जिल्ह्याला झोडपलं होतं. त्याच्या खुणा अजून रस्त्याच्या कडेला होत्या. इथे बुटक्या गाडीची परीक्षा. स्पीडब्रेकर तिरका घ्यायचा, खड्डा दिसला की पहिला गिअर आणि मनात विठ्ठल.

एका मोठ्या खड्ड्यानंतर चहाला थांबलो आणि पुन्हा किल्ली फिरवली तर शांतता. डॅशबोर्ड काळा. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली. समोर ट्रॅक्टर दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथला पोरगा पान्हा घेऊन आला, बॉनेटमध्ये वाकला आणि दोन मिनिटांत हसायला लागला. ‘काई नाही ताई, बॅटरीचं टर्मिनल ढिलं झालतं. टर्बो-बिर्बो समद्याला वीज इथूनच जाती ना?’ पैसे घ्यायला तयार नव्हता. शेवटी चहावर तडजोड झाली. जुन्या गाडीत असे दहा मिनिटांचे बिघाड जास्त आणि गाडी उचलून न्यावी लागणारे कमी असतात. फरक एवढाच की धीर तुमचा तुम्ही आणायचा.

नारायणगडाला ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. नगद नारायण महाराजांचं हे संस्थान. पंढरपूरला जाणं जमत नाही ते आषाढीला इथे येतात. भगवानबाबा याच गडावर माणिकबाबांच्या सहवासात घडले आणि पुढे त्यांनी भगवानगड उभा केला. अलीकडे हे नाव पेपरात आलं ते वेगळ्या कारणानं: १२ ऑक्टोबर २०२४ला मनोज जरांगे पाटील यांनी इथे दसरा मेळावा घेतला आणि २०२५च्या दसऱ्यालाही. टीव्हीवर दिसलेली ती गर्दी डोक्यात घेऊन आम्ही पोचलो, तर गडावर शांतता होती. वारा, टाळांचा बारीक आवाज आणि पायरीवर ऊन खात बसलेले चार-पाच आजोबा.

त्यातल्या एकांनी गाडीभोवती फेरी मारली. ‘किती वर्षांची म्हणायची?’ ‘वीस.’ ‘माझा बैल अठरा वर्षं होता,’ ते म्हणाले. ‘शेवटची दोन वर्षं कामाला लावला नाही. पण विकला बी नाही.’

बाबा ऐकत होते. काही बोलले नाहीत. परतीला मात्र त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला आणि गेवराईपर्यंत स्वतः चालवली. पाचव्या गिअरमध्ये, ऐंशीच्या वेगानं, चेहऱ्यावर पंचविशीतला भाव.

मग निकाल काय?

पूर्ण फेरीत हायवेला लिटरमागे १३ किलोमीटर, शहरात १० च्या आत. खर्च नव्या गाडीच्या हप्त्यापेक्षा कमी, पण हप्त्यासारखा तारखेला येत नाही. येतो तेव्हा एकदम येतो. गडाचं नाव नगद नारायण आणि गाडीचा स्वभावही नगदीच, उधारी चालत नाही. ऑइल, बेल्ट, पाणी वेळेवर दिलं तर ती रोज ऑफिसला नेते आणि सुट्टीत गडावर. नाही दिलं तर नाही. नूतनीकरणाचे पैसे मी भरलेत. पाच वर्षं मिळाली.

जायचं असेल तर…

- पुण्याहून अहिल्यानगर-आष्टी-जामखेडमार्गे किंवा संभाजीनगरहून महामार्ग ५२ने बीड गाठा आणि तिथून गडाची वाट धरा.
- आषाढीला आणि दसऱ्याला गर्दी प्रचंड. निवांतपणा हवा तर हिवाळा.
- जवळपास: बीडमधलं कंकालेश्वर मंदिर आणि पावसाळ्यात कपिलधारचा धबधबा.
- ढाब्यावर ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी मागा.
- जुन्या गाडीत कूलंट, फ्यूज, टॉर्च आणि दहा नंबरचा पाना असू द्या. आणि एसटीचं वेळापत्रक. आईसाठी!