साडेसोळा मिलिमीटर

प्रौढ माणसांनीं आगगाडी-आगगाडी खेळावें, हें आम्हांस कधींच रुचलें नाहीं. लहानपणीं काड्यापेट्या दोऱ्यांत ओवून आम्हींही गाड्या ओढल्या. पण मिसरूड फुटलें कीं असल्या वस्तु माळ्यावर टाकावयाच्या असतात, अशी आमची पक्की समजूत. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही इंग्लंडांत नोकरीस असलेल्या चिरंजीवांकडे गेलों होतों. एका संध्याकाळीं ते आम्हांस आपल्या मंडळांत घेऊन गेले. मंडळ कसलें, तर छोट्या आगगाड्या करणारांचें! आम्ही गेलों तें थोडें हंसण्याच्या तयारीनेंच.

असलीं मंडळें त्या देशांत नवीं नाहींत. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब 1910 सालीं निघाला. किंग्ज क्रॉस स्थानकाच्या उत्तरेकडील मुलूख दोन महायुद्धांच्या मधल्या काळीं दिसत असे तसा रचावयास त्याच्या सभासदांनीं 1980 नंतरच्या दशकांत घेतला. प्रमाण एका फुटास दोन मिलिमीटर. म्हणजे मैलभर लोहमार्गास साडेदहा मीटर जागा हवी, आणि माणूस बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. मागचीं घरें तर नजर फसावी म्हणून आणखी लहान करीत नेलेलीं. दशकें लोटलीं, तरी काम चालूंच राहिलें.

चिरंजीवांचें मंडळ इतकें नामांकित नव्हे. एका प्रार्थनामंदिरामागची लांबट खोली, चहाची किटली आणि दहाबारा असामी. कोणी सिग्नलच्या केबिनींत टांचणीएवढे खटके बसवीत होता. दुसरे एक वृद्ध गृहस्थ नवी कोरी वाघीण मोठ्या मेहनतीनें मळकट करीत होते. कोळशाची वाघीण स्वच्छ असेलच कशी, असा त्यांचा आम्हांस प्रश्न. आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

चहा होतांच वाद निघाला, तो रुळांच्या रुंदीचा. प्रथम तो आम्हांस वेदान्त्यांच्या वादासारखा वाटला. मग त्यांतलें मर्म कळलें. पूर्वींच्या कारागिरांनीं फुटास साडेतीन मिलिमीटर हें प्रमाण धरून दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर ठेविलें, तें बरोबरच होतें. परंतु इंग्रजी इंजिनें मुळांतच अंगानें बारीक. त्या प्रमाणाच्या इंजिनाच्या पोटांत त्या काळची विजेची मोटर मावेना. तेव्हां तोड निघाली कीं, अंग फुटास चार मिलिमीटर या प्रमाणानें वाढवावें आणि रूळ आहेत तसेच राहूं द्यावे. 1938 सालीं निघालेल्या हॉर्नबी डब्लोच्या गाड्या याच मापाच्या. हिशेबानें रुळांत 18.83 मिलिमीटर अंतर हवें, आहे साडेसोळा. म्हणजे चार फूट साडेआठ इंचांचा मार्ग सात इंचांनीं आंखडला! पुढें मोटर लहान झाली. पण तोंवर घरोघर साडेसोळाचे रूळ पसरले होते आणि कारखान्यांचे सांचे ठरले होते. अडचण गेली, तिच्यासाठीं केलेली सोय तेवढी उरली. 1960 नंतरच्या दशकांत कांहीं हट्टी मंडळींनीं 18.83 चा पंथ काढला. बहुतेक लोक मात्र साडेसोळावरच सुखानें राहिले.

चिरंजीवांचें टेबल कोपऱ्यांत होतें, आणि त्यावर होता आमचा बोरघाट! 1863 सालीं घाटांतील मार्ग खुला झाला तेव्हां डोंगराच्या कडेवर एके ठिकाणीं गाडीस वळावयास जागाच नव्हती. म्हणून ती टोंकास नेऊन उभी करीत, इंजिन दुसऱ्या अंगास जोडीत, आणि उलट तोंडानें ती पुढचा चढ चढे. हें रिव्हर्सिंग स्टेशन 1929 सालीं नव्या मार्गामुळें सुटलें. जुन्या छायाचित्रांवरून चिरंजीव तें उभें करीत होते. आपला मार्ग साडेपांच फुटी. चार मिलिमीटरांच्या प्रमाणानें बरोबर बावीस मिलिमीटर. साडेसोळावर तो बसविला तर रुपयाचे बारा आणे होतात. म्हणून चिरंजीव एकेक स्लीपर कापून त्यावर रूळ डाखानें जोडीत होते. एका सांध्यास तीन आठवडे लागले म्हणे.

"तयार रूळ घेतले असतेस तर घाट एव्हांना पुरा झाला असता," आम्ही प्राध्यापकी थाटांत म्हणालों.

"तात्पुरतें म्हणून घालावें, बाबा, आणि मग तेंच कायम व्हावें!" मान वर न करतां उत्तर आलें.

बोलणें रुळांविषयीं होतें. पण आम्हांस एक कपाट आठवलें. मुलगा दहावींत गेला त्या वर्षीं त्यानें सायकलच्या तारांचे रूळ आणि पत्र्याच्या डब्याचें इंजिन केलें होतें. तें सगळें खोक्यांत भरून आम्हीं कपाटांत ठेविलें आणि किल्ली खिशांत घातली. "एक वर्षापुरतें," असें आम्हीं सांगितलें, आणि तें खोटें नव्हतें. पण दहावीनंतर बारावी आली, बारावीनंतर आणखी परीक्षा आल्या. त्यानें किल्ली मागितली नाहीं; आम्हीं दिली नाहीं. परीक्षा सरल्या, कुलूप राहिलें. पुढें घर बदललें तेव्हां त्या खोक्याचें काय झालें, हें आम्हांस आठवत नाहीं. निदान कोणी विचारल्यास आम्ही तसें सांगतों.

त्या संध्याकाळीं मात्र कोणी न विचारतां आम्हींच विषय काढला. "तें तुझें खोकें..." एवढेच शब्द फुटले.

"माहीत आहे, बाबा. रद्दीवाला आला तेव्हां मी घरींच होतों."

त्याच्या स्वरांत राग नव्हता. असता तर आम्हांस उत्तर सुचलें असतें. तीस वर्षें वर्गांत बोलून पोट भरणारे आम्ही, तेथें नुसते उभे राहिलों. थोड्या वेळानें त्यानें पितळेचा एक लहानसा तुकडा आमच्या हातीं दिला. तें बावीस मिलिमीटरांचें माप होतें. डाख थंड होईतों दोन्ही रूळ त्यांत धरून ठेवावयाचे, हलूं द्यावयाचे नाहींत. आमचा हात किंचित् कांपत होता. चार स्लीपर झाले. पांचव्याच्या वेळीं त्यानें विचारलें, "घाटांतला कातळ इतका काळा असतो ना हो?"

आम्हीं चष्मा पुसून पाहिलें. "उन्हाळ्यांत इतका नाहीं," आम्ही म्हणालों, "पाऊस पडून गेल्यावर असतो."

"मग पाऊस पडून गेला आहे असें धरूं."

मंडळाचें दार लावण्याची वेळ झाली तेव्हां वीतभर मार्ग तयार झाला होता. घाट पुरा व्हावयास किती वर्षें लागतील, हें आम्हीं विचारलें नाहीं. पुढल्या उन्हाळ्यांत पुन्हां यावें कीं काय, एवढेंच विचारलें.